चाळीस मुद्दे झाले, पहिलं वाक्य काही होईना

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): वय ५७. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, डोंबिवलीत राहते. बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, आणि आई घरातच खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गिरणी कामगार पाळीपाळीने जेवून जायचे. १९८२चा संप झाला तेव्हा मी नववीत होते. एका लहानशा दिवाळी अंकाच्या संपादकांनी या खाणावळीवर अडीच हजार शब्दांचा लेख मागितला आहे, जुलैअखेरपर्यंत. फेब्रुवारीपासून तयारी चालू आहे. तीन वह्या भरल्या, मुद्दे चाळीस झाले. पण लिहायला बसलं की वाटतं, आराखडाच अजून नीट झालेला नाही, आणि मी पुन्हा मुद्दे मांडायला घेते. भाचा म्हणतो, सगळं तक्त्यात घाल, आपोआप जुळेल. लेखन गटातली मैत्रीण म्हणते, आराखडा वगैरे काही नको, सुचेल तसं लिहीत सुट. कुणाचं ऐकू? की लिहिणं हे माझं कामच नाही?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला पटलेलाच नाही. तुमचं पत्र हाताने लिहिलेलं, सात पानी आहे. सात पानांत चारच ठिकाणी खाडाखोड. ते लिहिण्याआधी तुम्ही मुद्दे काढले होते का? मला नाही वाटत. दुपारी सगळं आवरल्यावर एका बैठकीत लिहून टाकलं असणार. तेव्हा लिहिता येत नाही हा भाग नाही. पत्र लिहिताना समोर कोण आहे आणि आपल्याला काय विचारायचंय, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक होतं. लेखाच्या बाबतीत दोन्ही ठरायचं आहे, आणि ते न ठरवता मुद्दे गोळा करणं मात्र फेब्रुवारीपासून चालू आहे.

एक हिशोब करू. बँकेत होतात, त्यामुळे हिशोबाचा कंटाळा येणार नाही. अडीच हजार शब्द भागिले चाळीस मुद्दे. एका मुद्द्याच्या वाट्याला साठ-बासष्ट शब्द आले, म्हणजे पाच-सहा वाक्यं. पाच वाक्यांत संप उरकायचा, पुढच्या पाचांत आईचा स्वभाव, त्यापुढच्या पाचांत गणेशोत्सव. वाचणाऱ्याला बसच्या खिडकीतून गिरणगाव दाखवल्यासारखं होईल. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, चला पुढे. एवढ्या जागेत पाच, फार तर सहा गोष्टी ऐसपैस बसतात. उरलेले चौतीस मुद्दे कुठले, हे ठरवायला आराखडा लागतो. त्याचं पहिलं काम वगळण्याचं, आणि तुमचा आराखडा आजवर फक्त वाढतो आहे.

सोबत जोडलेली यादी मी तीनदा वाचली. पहिला मुद्दा ‘१८५४, कावसजी दावर, मुंबईतली पहिली कापड गिरणी’. चौथा ‘संप – १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार’. सहावा ‘१९८३, तेरा गिरण्या सरकारच्या ताब्यात’. नववा ‘अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव, १९७५’. सगळं बरोबर आहे. पण तुमची आई पहिल्यांदा येते ती एकोणिसाव्या मुद्द्यावर! १८५४ सालापासून निघालेला वाचक तुमच्या स्टोव्हपाशी पोचेपर्यंत निम्मा लेख संपलेला असेल. गिरण्यांचा इतिहास ज्याला हवाय त्याला तो इतरत्र मिळतो, चांगला लिहिलेला मिळतो. संपादकांनी तुमच्याकडे मागितलीय ती दहा बाय बाराची खोली.

यात तुमची फारशी चूक नाही. आपण सगळेच ‘मुद्द्यांवरून कथा लिहा’ या प्रश्नावर वाढलो. एक म्हातारा शेतकरी – चार मुलं – सदा भांडण – काठ्यांची मोळी – तात्पर्य. मुद्दे आयते, गोष्ट आयती, तात्पर्यही आयतं. आपण फक्त मधल्या रेघांच्या जागी क्रियापदं घालायची आणि मार्क घ्यायचे. त्यातून एक समजूत डोक्यात पक्की बसली, की मुद्दे एकदा पुरे झाले की लिहिणं म्हणजे नुसती भरणी. म्हणून तुम्ही ते पुरे व्हायची वाट बघताय. आठवणींचे मुद्दे पुरे होत नसतात, ताई. एक लिहिला की त्याला दोन फुटतात.

यादीत आणखी एक गोष्ट खटकली. तिच्यात क्रियापदच नाही. ‘आईचे कष्ट’. ‘उधारी’. ‘संपाची झळ’. या डब्यांवरच्या चिठ्ठ्या झाल्या, आत जिन्नस आहे का रिकामा डबा आहे ते कळत नाही. मी स्वतः एक करते, तुम्हीही करून बघा. प्रत्येक मुद्द्याचं एक वाक्य करायचं, ज्यात कुणीतरी काहीतरी केलेलं आहे. ‘आईचे कष्ट’ याचं ‘पहाटेची पाळी गाठणाऱ्यांसाठी आई साडेतीनला उठायची आणि स्टोव्हच्या आवाजाने आम्ही’ असं काही होत असेल तर तो मुद्दा जिवंत. वाक्य होतच नसेल, किंवा झालं तरी ते कुणाच्याही आईबद्दल खरं असेल, तर तो मुद्दा जाऊ द्या. एवढ्यानेच यादी निम्म्यावर येईल असा माझा अंदाज आहे.

आता पत्राच्या पाचव्या पानाबद्दल. तिथे तुम्ही कंसात काही लिहिलंय आणि वर ‘हे जरा विषयांतर झालं’ अशी माफीही मागितली आहे. इतर वाचकांसाठी ते सांगते, तुमची परवानगी आहेच. संप लांबला तसे चौदांपैकी पाच जण गावी गेले. नऊ राहिले. पैसे कुणाकडेच नव्हते. आई वाढत राहिली आणि रोजची ताटं वहीत मांडत राहिली. तिच्या दोन पाटल्या त्या वर्षी गेल्या. ती गेल्यावर तुम्हाला ट्रंकेत ती वही सापडली. नऊ नावं, प्रत्येकापुढे रक्कम, आणि त्यातल्या दोन नावांपुढच्या रकमा खोडलेल्या. ते दोघे पैसे देऊन गेले की आईने सोडून दिले, कळायला मार्ग नाही, असं म्हणून तुम्ही कंस पुरा केलात आणि पुन्हा गिरण्यांच्या जमिनींकडे वळलात.

ही वही मी तुमच्या चाळीस मुद्द्यांत दोनदा शोधली. नाही सापडली.

लगेच वहीपासून सुरुवात करून वहीपाशी शेवट करा, असं मी सांगत नाहीये. दिवाळी अंकांत ट्रंकेतून वह्या पुष्कळ निघतात, थोडं जपूनच. मला त्या वहीत दिसतो तो एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. आई का वाढत राहिली? पत्रात तुम्ही तिला दोन ठिकाणी ‘साक्षात अन्नपूर्णा’ म्हटलंय. मुलीने म्हणावं, तो हक्कच आहे. पण नुसत्या मायेने जेवू घालणारी बाई वही ठेवत नाही. खाणावळ हा तिचा धंदा होता. संप दोन-चार महिन्यांत मिटेल असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं, तेव्हा उद्या हीच माणसं पगार घेऊन परत ताटावर बसतील असा रोकडा हिशोब तिने केला असेल. शिवाय ती माणसं ओळखीपाळखीच्या गावची, ‘अडचणीत ताट ओढून घेतलं’ हा शब्द गावापर्यंत पोचला असता. किंवा नऊ जणांना एकदा ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायचं तोंडच तिला झालं नसेल. तुमच्या यादीतला ‘आईची माया’ हा मुद्दा हे सगळं एका फटक्यात बंद करून टाकतो. मग लिहायला बसल्यावर हात चालत नाही, यात नवल काय? ज्याचं उत्तर आधीच लिहून झालंय त्यावर अडीच हजार शब्द कोण लिहील?

म्हणून कॅलेंडरचं एक पाठकोरं पान घ्या आणि वर एवढंच लिहा: आईने नऊ जणांना का जेवू घातलं, आणि त्याचा हिशोब तिने कसा ठेवला? तुम्हाला दुसरा प्रश्न जास्त छळत असेल तर तो लिहा, माझाच घ्यायला हवा असं नाही. मग चाळीस मुद्द्यांना एकेक करून त्या प्रश्नापुढे उभं करा. दावर घरी जातील. संपाची तारीख एका वाक्यात मावेल. ताटाचा महिन्याचा दर हवाच. दिवसपाळीवाले उठून गेले की रात्रपाळीवाले येऊन बसायचे, हेही हवं, कारण त्याशिवाय त्या खोलीत चौदा माणसं मावत नाहीत. गणेशोत्सव नको, त्या दिवसांत वहीत काही घडलं असलं तर गोष्ट वेगळी. अन्नपूर्णा महिला मंडळाचं थोडं नाजूक आहे. सावकाराच्या पाशात अडकलेल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठीच ते उभं राहिलं होतं. तुमच्या आईने तिकडे जाऊन पाहिलं होतं का? तरीही पाटल्या सावकाराकडेच गेल्या का? तसं असेल तर त्याला दोनशे शब्द द्या. तिच्या कानावरून नुसतं नाव गेलं असेल तर एक ओळही देऊ नका, मंडळ कितीही मोठं असलं तरी.

भाचा आणि मैत्रीण यांच्यात निवाडा करायचा तर दोघंही थोडे बरोबर आहेत. भाच्याचा तक्ता वाईट नाही, पण तक्त्यात चौकोन असतात आणि रिकामा चौकोन दिसला की आपल्याला तो भरावासा वाटतो. तुमचं दुखणं नेमकं भरण्याचंच आहे, तेव्हा तो तुम्हाला नको. मैत्रिणीचं म्हणणं ज्यांना निर्दयपणे कापता येतं त्यांनी ऐकावं. सुचेल तसं लिहिलं तर सहा-सात हजार शब्द सहज होतील, आणि त्यातले चार हजार फेकावे लागतील. शिवाय ‘मी काही ठरवत नाही’ म्हणणारी माणसं बहुतेकदा भाजी चिरताना, लोकलमध्ये, कपडे वाळत घालताना महिनोन् महिने ठरवतच असतात. फक्त ते कागदावर नसतं.

मी दोन्हीकडून तोंडावर आपटलेली आहे. एकदा आठवडे बाजारावरच्या लेखासाठी चार पानी आराखडा केला, पोटमुद्द्यांसकट. तो इतका पुरा झाला की लेख लिहिताना मलाच कंटाळा आला, आणि संपादकांनी फोनवर विचारलं, ‘माहिती चांगली आहे हो, पण यात तुम्हाला काय दिसलं?’ मला सांगता येईना. दुसऱ्यांदा काहीच न ठरवता आजोबांवर लिहायला बसले आणि नवव्या पानावर लक्षात आलं की मला आजीवर लिहायचं होतं. ती नऊ पानं वाया गेली असं नाही म्हणत, पण अंक गेला. तेव्हापासून आराखडा एका पाठकोऱ्या पानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलंय. दुसरं पान लागलं की समजायचं, आपण टाळाटाळ करतोय. याला शास्त्र काही नाही, माझ्यापुरता अनुभव आहे.

एक तयारी मात्र तुम्ही आजच करायला हवी, आणि तीच यादीत तेहतिसाव्या नंबरावर आहे: ‘शेजारच्या मावशींना विचारणे’. त्यांची खाणावळ तुमच्या भिंतीला भिंत लागून, आता त्या ८४ वर्षांच्या, गावी संगमेश्वरकडे असतात. तारखा कुठे पळून जात नाहीत. मावशी आहेत तोवर आहेत. फोन नको, जमलं तर दोन दिवस जाऊनच या. आणि ‘तेव्हाचे दिवस कसे होते?’ असं विचारू नका. ‘कष्टाचे होते गं बाई’ एवढंच उत्तर येईल आणि दोघी डोळे पुसाल. बारीक विचारा. महिन्याचे किती घ्यायच्या? पगार झाला की पैसे हातात कधी पडायचे? कुणी बुडवले तर काय करायच्या? रात्रपाळीवाल्याचं ताट कुठे झाकून ठेवायच्या, मांजर यायचं का? रॉकेल संपलं तर? अशा प्रश्नांना माणसं हातवारे करून उत्तरं देतात, आणि लेखाला लागतं ते त्या हातवाऱ्यांतून मिळतं. त्या दोन खोडलेल्या नावांचंही त्यांना ठाऊक असू शकेल. सांगितलं तर ‘हे छापलं तर चालेल का?’ हेही तिथेच विचारून घ्या. नऊ जणांची नावं मात्र बदलाच. त्यांची मुलं-नातवंडं त्याच गावांत असणार, आणि चाळीस वर्षांपूर्वीची थकबाकी दिवाळी अंकात वाचायला कुणालाच आवडणार नाही. नावं बदलली आहेत हे लेखाखाली एका ओळीत सांगितलं की झालं.

परत आलात की भाच्याला समोर बसवा. वही न उघडता पाच मिनिटांत त्याला सगळं सांगा. जिथे तो मोबाइलकडे बघेल तिथे मनात खूण करा, जिथे ‘मग?’ म्हणेल तिथे दुसरी खूण. लेखाचा क्रम अर्ध्याहून अधिक तिथेच लागतो.

मग खर्डा. आमच्या कोल्हापूरकडे मिरचीच्या ठेच्यालाही खर्डा म्हणतात, आणि तो कुणी गंधासारखा वाटत बसत नाही. भरडच राहायला हवा. पहिल्या खर्ड्यात ‘ताटाचा दर ××, मावशींना विचार’ अशी फुली मारून पुढे जायचं, उठून वही शोधायला जायचं नाही. एकदा उठलात की तुम्ही पुन्हा मुद्द्यांत शिरणार, हे मी तुम्हाला न भेटताही सांगू शकते. सुरुवातीच्या परिच्छेदावर अडून बसू नका. जे डोळ्यांसमोर लख्ख आहे तिथून लिहायला घ्या, त्याची जागा नंतर ठरेल. तीन-चार बैठकांत लेख उभा राहील. मग आठ दिवस तोंड बघू नका त्याचं. त्यानंतर कात्री. २० जुलैपर्यंत पाठवलात तर संपादक मनापासून दुवा देतील, कारण बाकीच्यांचे लेख ऑगस्टात येणार आहेत (माझाही).

या महिन्यात याच दुखण्याची आणखी तीन पत्रं आली, त्यांनाही इथेच दोन शब्द. स्पर्धा परीक्षेच्या निबंधाची तयारी करणाऱ्या मुलीने वरचं फार मनावर घेऊ नये. तिला विषय आयता मिळतो आणि पुन्हा लिहायची सोय नसते, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं आराखड्याला दिलीच पाहिजेत आणि तो मोडायचाही नाही. प्रबंध लिहिणाऱ्यांचं उलटं आहे. तिथे प्रकरणांचा आराखडा मार्गदर्शकांना दाखवायला लागतोच, पण तो करारनामा समजू नका. तिसरं प्रकरण लिहिताना पहिलं बदलावंसं वाटलं तर ते काम नीट चालू असल्याचं लक्षण आहे. आणि सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत लिहायचं आहे त्या काकांनी फक्त एवढं ठरवावं, की वाचणार कोण, जुने रहिवासी की त्यांची मुलं. तेवढ्यावर निम्मे मुद्दे गळतील.

ताई, एक माझ्या उत्सुकतेचं. सदतिसावा मुद्दा ‘जेवण – भात, भाकरी, आमटी’ असा आहे. तुमची आई संगमेश्वरची आणि जेवायला येणारे निम्मे पाटणकडचे, घाटावरचे. मग भाकरी कुठली व्हायची, तांदळाची की ज्वारीची? दोन्ही होत असतील तर एका स्टोव्हवर, एका तव्यावर आधी कुणाची पडायची, आणि त्यावरून कुरबूर व्हायची का? ताटं तुम्हीच वाढत होतात. हे मावशींना विचारायचीही गरज नाही.